संमत ठराव आणि त्याचा फेरविचार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. ज्ञातीचा इतिहास, शिक्षणप्रसार, विवाहखर्चाला आळा हे विषय या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी वेळोवेळी मांडले आहेत. आम्ही आज एक रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. एकदा सभेने बहुमताने संमत केलेला ठराव पुन्हा विचारात घेता येतो काय, येत असल्यास केव्हा, आणि कोणत्या मार्गाने? विषय रुक्ष खरा. परंतु आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे आज कोणत्या ना कोणत्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद आहेत, आणि या एका प्रश्नापायी एकाच जिन्यावर राहणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, असे आम्ही पाहिले आहे.

पूर्वी हा प्रश्न आपल्या शहरात फारसा उद्भवतच नसे. साखर पेठेत वा कसब्यात वाड्याचा मालक जे ठरवील ते बिऱ्हाडकरूंनी मान्य करावयाचे. 1877 साली जुनी गिरणी निघाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या, आणि कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. तेथेही नळ केव्हा सुटणार हे ठरविण्याचा अधिकार राहणाऱ्याकडे नव्हता. स्वतःच्या घराचा स्वतः मालक, आणि सामाईक गोष्टींचा निर्णय मात्र सर्वांनी मिळून, ही व्यवस्था सहकाराबरोबर आली. 1904 च्या पहिल्या सहकारी कायद्यात केवळ पतसंस्थांना वाव होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांना दार उघडले. आणि 1915 साली मुंबईस गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आशिया खंडातील ही पहिली सहकारी गृहसंस्था मानली जाते. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी 1906 साली शामराव विठ्ठल बँकेचाही पाया घातला होता. या दोन्ही संस्था एका लहानशा ज्ञातीच्या आपसांतील विश्वासावर उभ्या राहिल्या, हे या व्यासपीठावर सांगण्यात औचित्य आहे. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गृहसंस्था आहेत. आपल्या शहरालगत कुंभारी येथे विडी कामगार भगिनींच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 साली उभी राहिली, आणि रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झाले. ज्या भगिनींच्या आईने चाळीतल्या नळाविषयी कधी तोंड उघडले नाही, त्या आज सर्वसाधारण सभेत हात वर करून मत देतात. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु मत देणे जितके लवकर अंगवळणी पडते तितके मत हरणे पडत नाही, आणि आमच्या विषयाचा आरंभ तेथूनच होतो.

एक दृष्टान्त सांगतो. ही हकीकत कोण्या एका संस्थेची नव्हे. चार-पाच ठिकाणी पाहिलेल्या गोष्टी आम्ही एकत्र गुंफल्या आहेत, तेव्हा श्रोत्यांनी नावे शोधण्याच्या भरीस पडू नये.

छत्तीस सभासदांची तीनमजली गृहसंस्था. आपल्याकडे महापालिकेचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि तेही अवेळी; हे सोलापूरकरांस सांगावयास नको. ते तळच्या हौदात साठते आणि मोटारीने वरच्या टाकीत चढते. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेला पंचवीस सभासद हजर होते. गृहसंस्थेच्या सभेला गणसंख्या म्हणून एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. तेव्हा सभा पूर्णपणे नियमित होती. विजेचे बिल वाढले म्हणून मोटार दिवसातून एकदाच, सकाळी अर्धा तास चालवावी, असा ठराव आला आणि चौदा विरुद्ध अकरा मतांनी संमत झाला. पावसाळ्याचे दिवस; कोणास विशेष काही वाटले नाही. पुढे टाकी अर्धीच भरू लागली. तळमजल्यावरच्यांना हौदातून बादली काढता येई. तिसऱ्या मजल्यावर मात्र एक वृद्ध दांपत्य होते. गुडघ्यांनी हैराण झालेल्या त्या आजीबाई घागर घेऊन पायरीपायरीवर बसत वर चढताना शेजारीपाजारी पाहत. ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यांतील कित्येकांना ते पाहवेना. ठराव बदलला पाहिजे याविषयी निम्म्याहून अधिक घरांचे एकमत झाले. आणि येथून पुढे सर्वांनी मिळून गोंधळ घातला.

प्रथम एका तरुण सभासदाने घरोघर फिरून वीस सह्या जमविल्या. वीस म्हणजे ठरावाला पडलेल्या चौदा मतांहून अधिक. झाला ठराव रद्द, असा त्याचा हिशेब. व्यवस्थापक समितीने तो कागद इतिवृत्ताच्या वहीत डकवला आणि ठराव रद्द झाल्याचे फलकावर लिहिले. दुसऱ्या दिवशी मोटार चालविणाऱ्या माणसाला दोन माणसांनी दोन हुकूम दिले. वस्तुतः सह्यांचा कागद म्हणजे सभा नव्हे. सभेत सूचना मांडली जाते, तिला अनुमोदन मिळते, विरुद्ध पक्ष बोलतो, आणि ते ऐकून एखाद्याचे मत बदलण्याचा संभव असतो. दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणवत नाही म्हणून केलेल्या सहीत यांतले काहीच नसते. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 72 प्रमाणे संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे आहे. समितीने सभेचा ठराव अमलात आणावयाचा. तो रद्द करण्याचा अधिकार तिला नाही, मग तिचा हेतु कितीही दयाळू असो. आज दयेपोटी समितीने एक ठराव पुसला, तर उद्या ती सोयीपोटी दुसरा पुसणार नाही याची हमी कोणी द्यावी?

मग काही सभासदांनी कायद्याचे पुस्तक उघडले. कलम 76 अन्वये एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा एक महिन्याच्या आत बोलवावी लागते. छत्तिसांचा पाचवा हिस्सा सातांहून थोडा अधिक, म्हणून आठांनी सह्या केल्या आणि नोव्हेंबरात सभा भरली. तेथे दोन गोष्टी घडल्या, व त्या दोन्ही आपल्या नेहमीच्या अनुभवातील आहेत.

विषयपत्रिकेवर पहिला विषय नेहमीप्रमाणे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा होता. पाण्याच्या ठरावाचे वाचन होताच पाच-सहाजण उठले आणि म्हणाले, आम्ही हे इतिवृत्त कायम करीत नाही. म्हणजे ठराव आपोआप पडला. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की, सुशिक्षित वकील मंडळीही घरच्या संस्थेत तिच्या आहारी जातात. इतिवृत्त कायम करणे म्हणजे जे घडले ते बरोबर नोंदले गेले आहे असे मान्य करणे. चौदाऐवजी पंधरा लिहिले असेल, सूचकाचे नाव चुकले असेल, न झालेला ठराव झाला म्हणून घुसडला असेल, तर त्याच वेळी हरकत घ्यावी आणि जोराने घ्यावी. परंतु नोंद खरी असून निर्णय आवडत नाही, यासाठी इतिवृत्त अडविणे म्हणजे घड्याळ उलटे फिरवून गाडी परत आणू पाहणे होय. त्या संस्थेच्या अध्यक्षांनी हरकत फेटाळली. त्यांच्यावर बरीच आरडाओरड झाली; परंतु आमच्या मते ते योग्यच वागले.

दुसरी गोष्ट अशी की, ठराव रद्द करण्याची सूचना आल्यावर अध्यक्षांनी उपविधी वाचून दाखविला. गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत असा स्पष्ट निर्बंध आहे की, सर्वसाधारण सभेचा पूर्वीचा ठराव रद्द करणारा ठराव, मूळ ठराव होऊन सहा महिने लोटल्याखेरीज सभेपुढे आणता येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे दोनच महिने. तिसऱ्या मजल्यावरील मंडळी संतापली. “आमच्या पाण्यापेक्षा तुमचा कायदा मोठा काय?” असा प्रश्न त्यांनी केला. हा प्रश्न मोठा रास्त आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. म्हणून थोडे विषयांतर करून आम्ही हा निर्बंध का असावा ते पाहू.

सभाशास्त्रात हा विचार फार जुना आहे. इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सने 1604 सालीच असे नमूद केले की, एका अधिवेशनात ज्या प्रश्नाचा निकाल लागला तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा उपस्थित करता येणार नाही. चारशे पंधरा वर्षांनी, मार्च 2019 मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार सरकार पुन्हापुन्हा मताला टाकू लागले, तेव्हा सभापती जॉन बर्को यांनी याच परंपरेवर बोट ठेवून प्रधानमंत्र्यांना अडविले. आपल्या लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतही, नियम 338 प्रमाणे, त्याच अधिवेशनात सभागृहाने ज्यावर निर्णय दिला त्याच्याशी वस्तुतः एकरूप असा प्रस्ताव आणता येत नाही. अमेरिकेत हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचे लष्करी अभियंते होते. 1863 साली त्यांना एका सभेचे अध्यक्षस्थान घ्यावे लागले आणि सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्या अनुभवातून त्यांनी सभासंचालनाचा अभ्यास केला व 1876 साली नियमांचे पुस्तक काढले. ते आजही तेथील संस्थांत प्रमाण मानतात. त्यात एक मोठी मार्मिक तरतूद आहे. झालेल्या मतदानाचा फेरविचार करावा ही सूचना, ज्याने जिंकलेल्या बाजूने मत दिले असेल त्यानेच मांडावयाची; हरलेल्याने नव्हे; आणि तीही लगेच, त्याच दिवशी वा चालू अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी. हरलेल्याला फेरविचार नेहमीच हवा असतो, त्यात नवल ते काय? जिंकलेल्यांपैकी कोणी मनापासून म्हणाला की माझे मत आता बदलले आहे, तरच काही नवे घडले असे मानावयाचे. ही घटका टळली, तर मात्र झालेला ठराव रद्द करण्याची सूचना कोणाही सभासदास केव्हाही आणता येते. परंतु आगाऊ सूचना दिलेली असेल तर साधे बहुमत पुरते, आणि दिलेली नसेल तर उपस्थितांचे दोन-तृतीयांश किंवा एकूण सभासदांचे बहुमत लागते.

आपल्या उपविधींनी हा मार्ग घेतला नाही. त्यांनी सहा महिन्यांची भिंत घातली. दोहोंत अधिक चांगले कोणते? आमचा कल, मोकळेपणाने सांगावयाचे तर, आगाऊ सूचनेच्या बाजूचा आहे. तरीही भिंतीच्या बाजूने एक गोष्ट सबळ आहे, आणि ती म्हणजे थकवा. ज्याच्याकडे वेळ आहे, आवाज आहे, व सभेला येण्याची हौस आहे, तो दर महिन्याला विषय उकरू शकतो. कामावर जाणारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा, लहान मुलांची आई असलेली भगिनी एकदा येतात, मत देतात, आणि निकाल लागला म्हणून निश्चिंत घरी जातात. तिसऱ्या खेपेस ते नसताना दहाजणांनी तो निकाल फिरविला, तर लोकशाही उरलेल्या वेळाची चैन होऊन बसेल. सहा महिन्यांचा निर्बंध या अनुपस्थित माणसाचे रक्षण करतो. एरवी संस्थेच्या सभेत त्याचा कैवारी कोणी नसतो. प्रतिनिधी पाठवून किंवा मुखत्यारपत्र देऊन मत नोंदविण्याचीही उपविधींत मुभा नाही.

आता पुन्हा आजीबाईंच्या घागरीकडे वळू. अध्यक्षांनी रद्द करण्याची सूचना नाकारली. परंतु ते केवळ नाकारून थांबले नाहीत. त्यांनी विचारले की, मूळ ठराव कायम ठेवून त्रास कमी करणारे काही सुचते काय? तेव्हा एकाने पूरक ठराव मांडला की, ज्या दिवशी महापालिकेचे पाणी येईल त्या दिवशी हा अर्धा तास सकाळऐवजी हौद भरल्यानंतर धरावा. विषय सभेच्या सूचनापत्रातील पाण्याच्या विषयाशी निगडित होता, अर्ध्या तासाची मर्यादा कायम होती, ठराव संमत झाला, आणि टाकी पूर्वीपेक्षा बरी भरू लागली. रद्द करणे आणि पूरक भर घालणे यांत भेद आहे असे आमचे मत आहे. मात्र हे दार अरुंद आहे. पूरक म्हणून आणलेल्या ठरावाने मूळ ठरावात काहीच उरणार नसेल, तर अध्यक्षाने त्याला रद्द करणाराच ठराव समजावे. अर्ध्या तासाचे चार तास करणारी ‘भर’ ही भर नव्हे.

सहा महिने पुरे झाल्यावर मार्च अखेरीस पुन्हा विशेष सभा बोलावली गेली. पाच पूर्ण दिवसांची सूचना, आणि त्या सूचनेत ‘अमुक तारखेचा पाण्याविषयीचा ठराव रद्द करून नवीन वेळ ठरविणे’ असा विषय स्वच्छ शब्दांत. हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ‘पाण्याविषयी चर्चा’ असे मोघम लिहून मोठा निर्णय फिरविणे, किंवा ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीखाली, निम्मी सभा पांगल्यावर तो फिरविणे, यासारखा विश्वासघात दुसरा नाही. नवा ठराव मांडला तो तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी. सप्टेंबरात त्यांनी मर्यादेच्या बाजूने मत दिले होते. विजेचे वाढीव बिल सर्वांनी सारखे वाटून घ्यावे ही सूचनाही त्यांचीच. रॉबर्टसाहेबांचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात वरच्या नळाला पाणी आले.

या दृष्टान्तावरून प्रत्येक ठराव फिरविता येतो असे मात्र कोणी समजू नये. ठरावाची अंमलबजावणी होऊन गेली असेल, तर उरतो तो केवळ कागद. गच्चीच्या दुरुस्तीचे काम कंत्राटदाराने पुरे केले. आता तो ठराव रद्द करून त्याचे पैसे अडवू म्हटल्यास न्यायालय ऐकणार नाही. इमारतींच्या पुनर्विकासात तर ही गोष्ट जीवनमरणाची होते. शासनाच्या 2009 च्या निदेशांत या निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागे. 4 जुलै 2019 च्या सुधारित निदेशांनी एकूण सभासदांच्या एकावन्न टक्क्यांची संमती पुरेशी ठरविली. विकासकाशी करार झाल्यानंतर अल्पमतातील सभासदाने घर रिकामे करण्यास नकार दिला, अशी प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयापुढे अनेक आली, आणि सर्वसाधारण सभेचा रीतसर निर्णय अल्पमतावर बंधनकारक आहे असेच न्यायालयाने सांगितले. सभासद झाल्यावर संस्थेच्या व्यवहारापुरते माणसाचे पृथक् व्यक्तित्व संस्थेत विलीन होते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने दमनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 1985 सालीच मांडले होते. म्हणून ज्येष्ठ सभासदांना आमची विनंती आहे की, पुनर्विकासाच्या सभेला जातीने हजर राहावे. तेथे न बोललेला शब्द पुढे बोलता येत नाही.

याच्या उलट, काही ठराव फेरविचाराची वाट पाहण्याच्या योग्यतेचेच नसतात, कारण ते मुळातच अवैध असतात. सदनिका विकताना संस्थेने घ्यावयाच्या हस्तांतरण अधिमूल्याला महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांची कमाल मर्यादा शासनाने 2001 साली घातली. घर भाड्याने दिल्यास घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपलीकडे घेता येत नाही. सभेने एकमताने लाख रुपये ठरविले तरी ते कायद्यापुढे शून्य. अशा ठरावासाठी सहा महिने थांबण्याचे प्रयोजन नाही. निबंधकाकडे किंवा कलम 91 प्रमाणे सहकार न्यायालयाकडे जाता येते. बहुमताला पुष्कळ काही करता येते. बेकायदा गोष्ट कायदेशीर करता येत नाही.

एक तक्रार आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते, ती अशी की, आपल्या ज्ञातीची माणसे एका संस्थेत असली म्हणजे सभेत कोणी विरुद्ध मतच देत नाही, आणि घरी गेल्यावर कुरकुर सुरू होते. वडीलधारे बोलले, आता आपण काय बोलावे, ही आपली रीत. ती घरात शोभते. सभेत मात्र ‘ठराव एकमताने संमत’ अशी नोंद होते आणि महिन्याभराने त्याच ठरावाविरुद्ध निनावी पत्रे फिरू लागतात. विरुद्ध पडलेल्या मतांची संख्या नोंदविण्याचा आग्रह धरला तर वडिलांचा अवमान होत नाही. उलट पुढे कोणी फेरविचार मागितला, तर मूळ निर्णय किती मतांनी झाला होता हे कळते, आणि मागणीचे वजन ठरविता येते.

आता आपल्या मंडळाविषयी. आपले मंडळ ही गृहसंस्था नव्हे; आपण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली येतो, म्हणून सहा महिन्यांचा तो उपविधी आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. गतवर्षीच्या सभेने वसतिगृहाच्या तळमजल्यावरील खोल्या दुकानांसाठी भाड्याने देण्याचे ठरविले, आणि तो ठराव पुन्हा विचारात घ्यावा अशी लेखी मागणी आली आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे विश्वस्त संस्थेची इमारत विकावयाची असल्यास किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करार अद्याप कोणाशीही झालेला नाही. तेव्हा विषय खुला आहे. ठराव योग्य की अयोग्य यावर आम्ही येथे मत देणार नाही. तो अधिकार सभेचा. कार्यपद्धतीविषयी मात्र अध्यक्षमहाशयांस चार शब्द सुचवितो. प्रथम गतवर्षीचा ठराव शब्दशः, पडलेल्या मतांच्या संख्येसह, वाचून दाखवावा. मग खजिनदारांनी भाड्यातून अपेक्षित असलेली रक्कम आणि वसतिगृहाची वर्षाची तूट हे दोन आकडे सभेपुढे ठेवावेत. त्यानंतर, गतवर्षी ठरावाच्या बाजूने मत देऊन ज्यांचे मत आता बदलले असेल, त्यांना प्रथम बोलू द्यावे, मग इतरांना. तळमजल्यावर राहणारे दोन विद्यार्थी आज संमेलनास आले आहेत. ते सभासद नाहीत, त्यांना मत नाही. परंतु सभेच्या अनुमतीने त्यांना पाच मिनिटे बोलता येईल. मतदान हात वर करून न घेता चिठ्ठीने घ्यावे. विषय कार्यक्रमपत्रिकेत पाचवा आहे आणि चहापानानंतर लगेच घेतला जाणार आहे. तोवर कोणी घरी जाऊ नये.